कोर्टाच्या दाराशी नऊ नंबर

मी नऊ नंबर बोलतोय. केंटकीच्या डोंगरात एका लहानशा गावाचं कोर्ट आहे. त्याच्या दाराशी, डाव्या भिंतीला बारा पोलादी कप्पे आहेत. त्यांतला खालच्या रांगेतला, कोपऱ्याकडचा तो मी.

एका कारखान्यात पत्रा कापून, वाकवून मला घडवलं, आत काळा स्पंज चिकटवला. वाटलं होतं, कुणाच्या तरी घरी दागिने सांभाळीन. नशिबी पिस्तुलं आली.

इथला नियम साधा आहे. कपड्याआड शस्त्र बाळगायचा परवाना खिशात असला, तरी कोर्टात ते न्यायचं नाही. दारातल्या डेप्युटीकडे, म्हणजे पहाऱ्यावरच्या पोलिसाकडे द्यायचं, पितळी बिल्ला घ्यायचा, जाताना बिल्ला देऊन परत घ्यायचं. लोक कुरकुरतात.

"शाळेत नाही, बारमध्ये नाही, आता इथेही नाही! मग हा परवाना काय फ्रेम करून भिंतीवर लावू?"

"लावा की, बायकोच्या फोटोशेजारी," डेप्युटी मार्लीन स्टिडम म्हणायची. "पण आधी इकडे द्या."

शस्त्र काढून दिलेला माणूस जिना चढताना दोनदा तरी कमरेला हात लावून बघतो. मी हे इतक्यांदा पाहिलंय!

व्हर्नन कॉडिल मात्र कधी कुरकुरला नाही. कोळशाच्या खाणीत वायरमन होता, निवृत्त झालेला. बायको गेली, मग एकुलती एक मुलगीही गेली. राहिली होती आठ वर्षांची नात, टेसी. तिचा बाप तिला इंडियानाला न्यायला आला होता. पोर कुणाकडे राहणार, यासाठी म्हातारा पाच गुरुवार कोर्टात आला. दर वेळी कडक इस्त्रीचा शर्ट, आणि पट्ट्याला सासऱ्याचं जुनं रिव्हॉल्व्हर. ते तो गोळ्या काढून, तान्ह्या बाळाला ठेवावं तसं माझ्यात ठेवायचा.

पाचव्या गुरुवारी निकाल लागला. पोर बापाला मिळाली.

व्हर्नन खाली आला. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. त्याने बिल्ला टेबलावर ठेवला. "दे पोरी, माझं."

मार्लीनचा हात किल्लीवर थबकला. "जरा बसता का? कॉफी आणते."

"नको. दे."

दाराबाहेर ते शस्त्र कायद्याने त्याचं होतं. ते अडवून ठेवायला तिच्याकडे काही कारण नव्हतं. तिने मला उघडलं. त्याने रिव्हॉल्व्हर उचललं, वहीत सही केली. त्याच वेळी जावई टेसीचा हात धरून जिना उतरत होता.

मार्लीन धावली. दोघांना जिन्यावरच अडवलं, आतल्या खोलीत नेलं, दार लावून स्वतः बाहेर उभी राहिली. समोरच्या काचेतून मला व्हर्ननची गाडी दिसत होती. तो आत नुसता बसून होता. बऱ्याच वेळाने गाडी निघून गेली. मार्लीनने डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. "सुटले रे देवा!"

संध्याकाळच्या आत बातमी आली. व्हर्नन बायकोच्या थडग्यापाशी सापडला. रिव्हॉल्व्हर हातात होतं.

त्यानंतर मार्लीनने मला कुणालाच दिलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "नऊची किल्ली हरवलीय." किल्ली तिच्याच खिशात होती. सकाळी कोणी यायच्या आत ती मला उघडायची, आत हात घालायची, बंद करायची. मी रिकामा असायचो. तरी मला ते वजन जाणवायचं. अजून जाणवतं. स्पंजात त्या रिव्हॉल्व्हरचा खड्डा पडलाय, तो काही केल्या भरत नाही.

अशी चौदा वर्षं गेली. मागच्या मार्चमध्ये एक मुलगी आली. कमरेचं पिस्तूल टेबलावर ठेवून तिने परवान्याचं कार्ड पुढे केलं. मार्लीनने नाव वाचलं आणि तिथेच थिजली.

"टेसी?"

"मला ओळखता तुम्ही? आजोबांचं घर नावावर करायला आलेय." मग तिने कप्प्यांकडे पाहिलं. "ते त्यांचं रिव्हॉल्व्हर इथेच ठेवायचे ना? कुठल्या कप्प्यात?"

मार्लीनने खिशातून किल्ली काढली आणि मला उघडलं. टेसी आत बघत राहिली.

"त्या दिवशी दारात तुम्हीच होतात ना? त्यांना ते परत का दिलंत?"

"कायदा होता, बाळा."

"कायद्याचं नाही विचारत मी."

मार्लीन खुर्चीत बसली. "मला वाटलं, तो तुझ्या बापाला मारेल. म्हणून तुम्हाला सांभाळत बसले. तो गाडीत एकटा बसला होता, मला दिसत होता. त्याच्याकडे जावं, असं मनातसुद्धा आलं नाही."

टेसीने बिल्ला उचलला. पिस्तूल माझ्यात ठेवून ती जिना चढली. तिचाही हात दोनदा कमरेकडे गेला.

तासाभराने कागद घेऊन ती उतरली, बिल्ला ठेवला. मार्लीनने किल्ली हातातच धरली.

"इथून कुठे जाणार?"

"घरी. म्हणजे त्यांच्याच घरी."

"तिथे कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग मी येते. ड्यूटी सुटेपर्यंत थांब."

"त्याची काही गरज नाही."

"तुला नसेल," मार्लीन म्हणाली. "मला आहे."

टेसीने क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि बाकावर बसली. दोघी बरोबरच बाहेर पडल्या.

आता पुन्हा मला लोक वापरतात. वाचकहो, एवढंच सांगतो. आत ठेवताना इथे सगळ्यांना विचारतात, नाव काय, परवाना कुठाय, गोळ्या काढल्या का. परत घेऊन निघालेल्याला काही विचारायचा नियम नाही. मला तोंड असतं, तर मी विचारलं असतं.