महालिंगची पावलं

घरात माणसं चार. वरच्या दोन मजल्यांवर शिकवणीसाठी लातूरला आलेल्या अकरा मुली. आरोग्य विम्यात नावं तीन. घड्याळ एक.

विम्यात सासरे वीरभद्रप्पा, सासू शिवम्मा आणि त्यांचा मुलगा महालिंग होते. सून अंबिका नव्हती. दर वर्षी हप्त्याच्या वेळी तिचं नाव घालायचा विषय निघे आणि वीरभद्रप्पा तो मिटवत. "सुनेचं दुखणं माहेरानं काढायचं असतंय. माझ्या मायीचं तसंच काढलं, हिचंबी काढलं. रीत हाय ती."

घड्याळ विमा कंपनीचं. रोज दहा हजार पावलं चाला, नीट झोपा, पॉइंट मिळवा. वर्षाअखेर सोनेरी दर्जा आला तर हप्त्यात सूट. पहिला महिना महालिंगनं ते स्वतः घातलं. पण पेंडीच्या दुकानात गादीवर बसणाऱ्याची पावलं होऊन होऊन किती होणार? उपाय शिवम्मानं काढला.

"अंबिकेच्या हातात बांध की. दिसभर वर-खाली करालीच हाय. घरातलंच माणूस हाय न्हवं?"

मुलींचे दोन वेळचे डबे अंबिका वर पोचवायची, रिकामे खाली आणायची. टाकीत पाणी नसलं की बादल्या चढवायची. महालिंगची पावलं दुपारीच पूर्ण होत. त्याच्या मोबाइलवर फटाके उडत आणि 'शाब्बास, महालिंगजी' अशी अक्षरं येत. बक्षीस म्हणून पुण्यातल्या व्यायामशाळेचं कूपन आलं, हैदराबादच्या ज्यूसच्या दुकानाचं आलं. लातुरात चालेल असं एकही आलं नाही. महालिंगनं कंपनीला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकवून त्याला हिंदीत सांगण्यात आलं की त्याची तक्रार कंपनीसाठी फार महत्त्वाची आहे.

झोपेलाही पॉइंट होते, म्हणून घड्याळ रात्रीसुद्धा अंबिकेच्याच मनगटावर. सगळी भांडी आवरून ती उशिरा पडायची आणि पहाटे कणिक मळायला उठायची. झोपेचे पॉइंट कापले जाऊ लागले.

"लवकर झोपत जा गं," शिवम्मा म्हणाली. "पॉइंट जालालेत."

"मग भांडी कोण घासावं, आत्याबाई?"

"तोंड लई चालतंय. त्याचे पॉइंट न्हाईत."

श्रावणात अंबिकेचा तिसऱ्या महिन्यातला गर्भ पडला. त्यानंतर अंगावरून जाणं पुरतं थांबलंच नाही. जिना चढताना दम लागे, डोळ्यांपुढं अंधारी येई. माहेर लोह्याचं. शिवम्मा तिला जाऊ नको म्हणत नव्हती. "जा की, लोह्याला दाखवून ये. पण पोरींच्या परीक्षा होऊ दे. डबे कोण करील?" म्हणजे इलाज माहेरानं करायचा आणि माहेरी जायची मोकळीक सासरानं द्यायची. या दोन्हींच्या मध्ये अंबिका रोज जिना चढत होती.

दिवाळीनंतर महालिंगच्या मोबाइलवर लाल सूचना आली. झोपेतही नाडीचे ठोके मिनिटाला एकशे बारा. ताबडतोब तपासणी करा. रक्त घ्यायला माणूस घरी येईल, मोफत.

ठोके कुणाचे, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. काळजी वेगळीच होती.

"रेकॉर्ड खराब झालं तर हप्ता वाढवतील," वीरभद्रप्पा म्हणाले. "महालिंग, तू रक्त देऊन टाक. चांगलंच निघल."

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेची पंचशीला आली. तिनं महालिंगचं रक्त घेतलं, मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजली. चौऱ्याहत्तर. तिनं पुन्हा मोजली. तेवढीच.

"काका, घड्याळात तर एकशे बारा दाखवालंय. घड्याळ कुठाय ह्यांचं?"

तेवढ्यात अंबिका चहा घेऊन आली. पंचशीलाची नजर आधी तिच्या मनगटावरच्या घड्याळावर गेली, मग पांढऱ्याफटक नखांवर.

"चार्जिंगला लावाय घेतलंय तिनं," शिवम्मा घाईनं म्हणाली.

अंबिकेनं कप खाली ठेवला. "न्हाई ताई. पाच महिने झाले, माझ्याच हातात हाय. ठोके माझे हायत. माझं रक्त घ्या."

पंचशीला अडखळली. "तुमचं नाव न्हाई ना ह्यात. मला घेता येत न्हाई. पण सरकारी दवाखान्यात फुकट होतंय. आजच जा, ताई. उद्यावर टाकू नका."

"परीक्षा झाल्या की लोह्याला जाणारच हाय ती," वीरभद्रप्पा म्हणाले. "सुनेचं दुखणं—"

"मामंजी," अंबिका पहिल्यांदाच त्यांचं बोलणं तोडून म्हणाली, "चालताना मी तुमच्या घरची, आणि दुखताना लोह्याची? हे कसं?"

"लोकांपुढं काय बोलालीस?" शिवम्मा ओरडली.

अंबिकेनं घड्याळ सोडलं आणि महालिंगच्या मनगटाला बांधलं. महालिंगनं हात मागं घेतला नाही.

"अगं, संध्याकाळचे डबे?" तो हळूच म्हणाला.

"तुम्ही चढवा. पावलंबी तुमचीच होतील."

ती कुणाला न विचारता पायऱ्या उतरली, मध्ये एकदा कठड्याला टेकून थांबली, आणि कोपऱ्यावर ऑटोत बसली. दवाखान्यात तिच्या बोटाला सुई टोचून लगेच तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी तिला परत जाऊ दिलं नाही. तिथंच दाखल करून घेतलं आणि रक्ताची पिशवी मागवली.

महालिंगचा अहवाल संध्याकाळी त्याच्या मोबाइलवर आला. हिमोग्लोबिन चौदा पूर्णांक सहा. अंबिकेचं पाच पूर्णांक आठ होतं.