चेहरा नसलेली हाक

संभाजी रणपिसे यांनी वर्षानुवर्षं खपून एक गोष्ट कमावली होती. हाक आली की लगेच ओ द्यायची नाही. आधी मान वर करायची, बोलणाऱ्याचं तोंड शोधायचं. ओठ हलताना दिसले तर ओ द्यायची. नाही दिसले तर ती हाक आपल्याच डोक्यातली. तिला वाटेला लावायचं आणि हातातलं काम चालू ठेवायचं. डॉक्टरांनी सांगितलेली ही युक्ती बापलेकीने कर्वेनगरच्या दोन खोल्यांत घोटून घोटून पक्की केली होती. कल्याणी मुद्दाम स्वयंपाकघरातून "अण्णा" म्हणून हाक मारायची. ते वर्तमानपत्रातून डोकं काढायचे नाहीत. मग ती दारात येऊन उभी राहायची आणि ते चष्म्यावरून बघत म्हणायचे, "हां, आता बोल."

एवढ्या भांडवलावर त्यांचं बरं चाललं होतं. छापखान्यातली खिळे जुळवायची नोकरी कॉम्प्युटरने खाल्ली, तेव्हासुद्धा ते ढळले नाहीत. ढळले ते खालच्या मजल्यावर मोबाइलचं दुकान आलं तेव्हा. दुकानदाराने दाराशी स्पीकर लावला आणि त्यातून दिवसभर एक बाई "या, या, लवकर या" म्हणून बोलावू लागली. अण्णांनी दोनदा जाऊन विनंती केली. तिसऱ्यांदा स्पीकर उपटला. तो काचेच्या कपाटावर आदळला आणि पोलिसात तक्रार गेली.

"कबूल म्हणायचं, दंड भरायचा आणि जेवायला घरी," दिगंबर पाठक वकील म्हणाले.

"त्यांच्या आजाराचं सांगायचं नाही?"

"मॅडम, कोर्टात वेड काढलं की तारखाच तारखा. आजार घरी ठेवून या."

कल्याणी हिंजवडीला नोकरी करत होती. रजा मिळवणं म्हणजे मॅनेजरच्या पाया पडणं. एका दिवसात सुटत असेल तर सुटू दे, असं तिलाही वाटलं. अण्णा संध्याकाळी घरी असले म्हणजे झालं, दुसरं काही तिला नको होतं.

तारखेच्या दिवशी दोघं कोर्टाच्या बाहेर बाकावर बसले. जामिनाच्या कागदांच्या झेरॉक्स हव्यात म्हणून पाठकांनी तिला खाली पिटाळलं. जाण्याआधी ती शिपायाकडे गेली. पोपट त्याचं नाव.

"भाऊ, ते माझे वडील. त्यांचा नंबर आला तर नुसतं ओरडू नका. समोर येऊन सांगा, लगेच उठतील."

"बाई, माझ्याकडं रोज शंभर नावं. घरोघर अक्षता घेऊन फिरू का?"

झेरॉक्सच्या दुकानात वीज गेली होती. ती पलीकडच्या दुकानात गेली. परत येऊन पाहते तो अण्णा बाकावर ताठ बसलेले आणि चेहऱ्यावर परीक्षेत पहिला आलेल्या मुलाचा आनंद.

"तीनदा आली गं," ते हळूच म्हणाले. "अगदी माझ्या पूर्ण नावानिशी. हललो नाही."

कल्याणीने दाराकडे पाहिलं. दाराला जाड हिरवा पडदा होता. पोपट त्याच्या आत उभा राहून पुकारा करत होता.

आरोपी गैरहजर म्हणून वॉरंट निघालं होतं. पाठक धावत आले, घाईघाईने अर्ज खरडला आणि अण्णांना पिंजऱ्यात उभं केलं. कल्याणीला मागे बसायला सांगितलं. न्यायाधीशांच्या टेबलावर नुकताच कॉम्प्युटर आला होता. मोठा, पाठीमागे पोक काढलेला. त्याच्यामागून साहेबांच्या कपाळावरचे केस तेवढे दिसत होते.

"आरोपी बाहेरच बसून होता म्हणता, मग ओ का दिली नाही?"

"साहेब, त्यांना जरा कमी ऐकू येतं," पाठक म्हणाले. खोटं बोलायला त्यांना अर्धा क्षणही लागला नाही.

"आरोपी, नाव काय तुमचं?"

अण्णा गप्प. नजर कॉम्प्युटरच्या पाठीवर.

"नाव सांगा."

अण्णांनी मान वर केली, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि शांतपणे पुन्हा खाली घातली. सगळं शिकवल्याप्रमाणे. कल्याणीला राहवेना. ती उठली.

"साहेब, ते बहिरे नाहीत, आजारी आहेत. चेहरा दिसल्याशिवाय ते उत्तर देत नाहीत, तशीच सवय लावलीय त्यांना. तो कॉम्प्युटर थोडा बाजूला घेतलात तर लगेच बोलतील."

कोर्टात कुणीतरी फिसकन हसलं.

"तुम्ही कोण?"

"मुलगी."

"न्यायालयाने कसं बसायचं हे आता आरोपीची मुलगी ठरवणार का?" आवाज चढलेला नव्हता. "वकीलसाहेब, तुम्ही म्हणता बहिरे, या म्हणतात आजारी. कोर्टाने कुणाचं धरायचं?"

साहेब टायपिस्टला सांगू लागले. आरोपीच्या मानसिक स्थितीची तपासणी करून अहवाल सादर करावा. तोपर्यंत न्यायालयीन कोठडी.

कल्याणीला वाटत होतं, कुणीतरी हात लांब करून तो डबा वीतभर सरकवेल. कुणाचाच हात लांब झाला नाही. हवालदार मात्र पिंजऱ्यापाशी गेला, अण्णांच्या अगदी पुढ्यात उभा राहिला आणि म्हणाला, "काका, चला."

"हो, चला की," अण्णा म्हणाले. साऱ्या कोर्टाने ऐकलं. हवालदाराला चेहरा होता.

"बोलतो की चांगला!" पोपट म्हणाला.

जिन्यात तिने गोळ्यांची पाकिटं पुढे केली. "आत डॉक्टर आहेत," हवालदार म्हणाला. वाईट नव्हता तो, पण पाकिटं घेतली नाहीत. अण्णा तिला म्हणाले, "तू जा ऑफिसला. तुझा खाडा होईल."

आतले डॉक्टर रजेवर होते, हे तिला मागाहून कळलं. अहवाल यायच्या आधी अण्णा कोठडीतच वारले. कागदावर हृदयविकार लिहिला होता. अहवाल नंतर आलाच: आरोपी खटल्याला तोंड देण्यास असमर्थ. अण्णांचं त्यानंतर काही करायचं उरलं नव्हतं, तरी अहवाल फाइलीला लागला.

साहेबांनी तिला चेंबरमध्ये बोलावलं. चेंबरमध्ये ते दिसले. पन्नाशीचे, दमलेले, डोळ्यांखाली काळं. त्यांनी तिला बसायला सांगितलं.

"मला वाईट वाटतं. तुम्ही आधी सांगायला हवं होतं."

"सांगितलं होतं, साहेब."

"तसं नाही. रीतसर. तुम्ही शिकलेल्या आहात. पुढे अशा प्रकरणात कोर्टाने काय करावं, ते अर्ज करून द्या. मी नक्की बघेन."

तिने अर्ज केला. दोनच मागण्या. आजारी माणसाशी समोरासमोर बोलावं आणि त्याच्या घरच्या माणसाला त्याच्याशेजारी उभं राहू द्यावं. अर्जावर सरकारी वकिलांचं म्हणणं मागवलं गेलं. म्हणणं यायच्या आत साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांनी हुकूम दिला: अर्जदार प्रकरणात पक्षकार नाही. आरोपी मयत. अर्ज निकाली.

कोर्टाबाहेरच्या टपरीवर पाठकांनी तो हुकूम तिला वाचून दाखवला.

"अर्ज चांगला होता हो," ते म्हणाले. "पण ज्यांच्यासाठी केला ते राहिले नाहीत."

"त्यांच्यासाठी नव्हताच. पुढच्या माणसासाठी होता."

"पुढचा कोण?"

"मला काय माहीत?"

"मग कसं चालेल? नाव लागतं, मॅडम. नावाशिवाय कोर्टात काही दाखल होत नाही."

"म्हणजे आणखी कुणीतरी आत जाईपर्यंत थांबायचं."

"असं कुठं म्हणतोय मी?" पाठक म्हणाले आणि चहाचे पैसे काढू लागले. कल्याणीने त्यांना थांबवलं नाही. तिने पेला तसाच फळीवर ठेवला, हुकमाची प्रत पर्समध्ये घातली आणि बसथांब्याकडे चालू लागली.