सुंदरम्माच्या दोन वह्या

राग माझ्या नाकावरच असतो, हे साऱ्या साखर पेठेला ठाऊक आहे. पण सुंदरम्मावर मी कधी हात उगारला नाही. एक तर ती एकोणीस वर्षांची विधवा, शिवाय तिच्याइतकी कष्टाळू विद्यार्थिनी मला बावीस वर्षांच्या मास्तरकीत मिळाली नव्हती.

ती तेलुगू विणकराच्या घरातली. थोरल्या भावाच्या घरात चार हातमाग होते आणि सुताच्या कांड्या भरायला ती त्याला हवी होती. तरी त्यानं तिला एक वर्ष सवलत दिली होती. त्या वर्षात शाळा तपासणाऱ्या दिपोटीसाहेबांनी तिची निवड केली, तर ती पुण्याला मास्तरीण व्हायचं शिक्षण घेणार. नाही केली, तर कांड्या. हे तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं, तेही मोडक्यातोडक्या मराठीत, मधेच तेलुगूत शिरून.

मी तिथल्या तिथं दम भरला. "माझ्यासमोर तेलुगू शब्द काढलास तर तो मराठीत पन्नास वेळा लिहायचा!"

मराठी येण्याचा हाच रस्ता, अशी माझी खात्री होती. रोज माझ्या घरी ओसरीवर पंचवीस शब्द, त्यापुढे अर्थ, घोकून दुसऱ्या दिवशी म्हणून दाखवायचे. दोन जाड वह्या भरल्या. 'पांथस्थ म्हणजे वाटसरू, अवर्षण म्हणजे पावसाचा अभाव,' असं ती धडाधड म्हणायची. वाचन तर इतकं स्वच्छ, की माझ्या बायकोनं गिरिजाबाईनं स्वयंपाकघरातून विचारलं होतं, "कुठल्या भटजींची मुलगी आली आहे हो?" मी फुगलो. साध्या गोष्टी ती माझ्याशी बोलेनाशी झाली होती, एखादं वाक्य अर्ध्यावर टाकून गप्प बसायची, हे मला दिसत होतं. मला वाटलं, शिस्त लागली.

मार्गशीर्षात दिपोटीसाहेब आले. मोठ्या वर्गात टेबलामागं बसले. शाळेचा शिपाई सिदू पाण्याचा तांब्या घेऊन दाराशी उभा होता. साहेबांनी आमचं पुस्तक बाजूला सारलं आणि आपल्या पिशवीतून दुसरंच काढलं.

सुंदरम्मानं वाचलं. दुष्काळात एका म्हातारीच्या विहिरीला थोडं पाणी उरलं होतं. गावातले लोक घागरी घेऊन आले, तर ती म्हणाली, आधी वाटसरू पितील, मग तुम्ही. कुठंही अडखळली नाही. पान संपताच साहेबांनी पुस्तक परत घेतलं.

"छान. आता सांगा, म्हातारीनं असं का केलं असेल?"

"वाटसरू म्हणजे पांथस्थ," सुंदरम्मा म्हणाली. "दुष्काळ म्हणजे..."

"अर्थ नकोत बाई. का केलं?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी काय करणार? ओठ हलवले असते तर साहेबांनी दोघांनाही बाहेर काढलं असतं. तिनं दोनदा तोंड उघडलं नि मिटलं. मग एकाएकी ती बोलायला लागली, तेलुगूत. हातानं रस्ता दाखवत, थांबताच येईना अशी. वर्षभरात मी तिला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. सिदू तांब्या धरून तसाच उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते.

"काय म्हणाली ती?" साहेबांनी मला विचारलं.

बावीस वर्षं मी विणकरांच्या पेठेत राहतो. मला एक अक्षर समजलं नव्हतं.

विणकरांच्या पोरांत वाढलेला सिदूच पुढं आला. "सायेब, ती म्हनती, त्या म्हातारीचा ल्योक कुटंतरी वाटंवरच तहानेनं मेला आसंल. तवा कुनी पानी दिलं न्हाय. म्हनून ती दुसऱ्याच्या लेकराला पाजती."

साहेबांनी पान उलटलं. पुढच्या पानावर नेमकं तेच होतं. ते त्यांनी आम्हाला वाचून दाखवलं.

"मुलगी हुशार आहे, मास्तर," ते हळूच म्हणाले. "पण उद्या मास्तरीण झाल्यावर मुलींना शिपायाच्या तोंडून थोडंच शिकवता येणार आहे तिला?" आणि त्यांनी नावापुढं नकार लिहिला. चुकीचं लिहिलं असं म्हणायला मला तोंड नव्हतं. पन्नास-पन्नास वेळा लिहायला लावून तिची जीभ बांधली होती मीच.

सिदू साहेबांची पिशवी घेऊन टांग्याबरोबर स्टेशनवर गेला. फाटकाशी तिचा भाऊ उभा होता. मी मान हलवून 'नाही' म्हणालो. तो तिच्याकडं वळून तेलुगूत काहीतरी बोलला. तीही बोलली, खूप वेळ, अगदी सलग. मधेच तिनं माझ्याकडं बोट दाखवलं. भावानं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि नजर खाली घातली. माझ्याविषयीच चाललं होतं, एवढंच मला उमगलं. शिव्या होत्या की दुसरं काही, देव जाणे.

"सुंदरम्मा," मी न राहवून म्हणालो, "काय सांगितलंस त्याला?"

ती थबकली. सांगायला तिनं तोंड उघडलंही. थोडा वेळ शब्द शोधत राहिली, मग पदर सावरून म्हणाली,

"काही नाही, मास्तर."

आणि भावामागून चालू लागली.