सोड्यात उकळलेली प्लेट

चौदाव्या वर्षापर्यंत माझ्या दातांबद्दल जेवढी माणसं बोलली, त्यातलं एकही माझ्याशी बोललं नाही. माझ्यासमोर बोलली, माझ्या डोक्यावरून बोलली, हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवून बोलली. पण माझ्याशी नाही. बाजारात बैलाचे दात बघतात तेव्हा बैल तरी मान झटकतो. मला तेवढीही मुभा नव्हती.

माझे वरचे दात पुढं होते. थोडेथोडके नाही. ओठ मिटायचे तर हनुवटीला बळ लावावं लागायचं. वरच्या आणि खालच्या दातांच्या मधल्या फटीत माझी करंगळी पहिल्या पेरापर्यंत जायची. आष्ट्याच्या शाळेत मला ‘किसणी’ म्हणायचे. गणपतीत कुणाच्या घरी खोबरं किसायचं निघालं की पोरं ओरडायची, “अंजीला बोलवा!” उत्तर येत असून मी वर्गात उभी राहायची नाही, कारण उभं राहून बोलायचं तर तोंडावरचा हात काढावा लागतो.

आई मी चार वर्षांची असताना गेली. वडील नाथाजी, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, पलटणीत हवालदार; वर्षातले दोन महिने घरी. मला वाढवलं ते शालूबाईनं, माझ्या थोरल्या चुलत्याच्या बायकोनं. ती माझी काकी. आणि चुलते लालासाहेब, म्हणजे तात्या, घरचे कारभारी. त्यांना सोसायटीची मीटिंग, तालमीची वर्गणी, गावातल्या भावकीचे तंटे या सगळ्याला वेळ असायचा.

शहात्तर सालच्या उन्हाळ्यात अण्णा सुट्टीवर आले ते एक गोष्ट डोक्यात घेऊनच. छावणीत कुणा कॅप्टनसाहेबाच्या मुलीच्या दातांना तार लावलेली त्यांनी बघितली होती. दाताच्या मिलिटरी डॉक्टरला त्यांनी विचारलं, तर तो म्हणाला, चौदा-पंधराच्या आत केलं तर लवकर गुण येतो. मला चौदावं चालू होतं. अण्णांनी मला एसटीत घातलं आणि मिरजेला नेलं.

मिरजेच्या डॉक्टरांनी कसलासा गार लगदा तोंडात दाबून दातांचं माप घेतलं आणि आठ दिवसांनी प्लेट दिली. टाळूला चिकटून बसणारी, गुलाबी, आणि पुढच्या दातांवरून एक तार. जेवताना काढायची, बाकी रात्रंदिवस तोंडात. काढली की पाण्यात ठेवायची. महिन्याला एकदा येऊन तार आवळून घ्यायची. असं दीड वर्ष. हे सगळं ते अण्णांना सांगत होते. निम्मं इंग्रजीत, कारण अण्णा प्रत्येक वाक्याला “येस सर” म्हणत होते. मी खुर्चीत तोंड वासून पडले होते. दात माझे, आणि ऐकणारा माणूस पंधरा दिवसांनी फिरोजपूरला जाणारा! अण्णा गेले, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं निम्मं त्यांच्याबरोबरच गेलं.

पण प्लेट कामाला लागली. पहिले आठ दिवस मी बोबडी बोलत होते, लाळ आवरत नव्हती, हिरड्या ठणकायच्या. तरी मी ती काढली नाही. तात्यांनी कुरकुरत, एसटीच्या गर्दीला शिव्या देत, मला चार वेळा मिरजेला नेलं. रोज सकाळी आरशासमोर मी करंगळी घालून बघायची. आषाढात ती नखाच्या मुळाशी अडली. भाद्रपदात अर्ध्या नखावर. एक दिवस मी ओठ मिटले आणि ते मिटले, हनुवटीला बळ न लावता. मी किती वेळ तशीच आरशापुढं उभी होते.

काकीला मात्र ती प्लेट सोसायची नाही. तारेचं तिला काही नव्हतं. पण तोंडातनं काढलेली वस्तू म्हणजे उष्टी, आणि ती वाटीत पाण्यात घालून फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी! तिनं मला एक वेगळी पितळी वाटी दिली आणि मोरीजवळच्या कोनाड्यात जागा करून दिली. तिचं म्हणणं मी मान्य केलं. ती चूल, ते घर तिचं होतं.

घट बसायच्या आधी आमच्याकडं सगळं घर धुवून काढतात. भिंती सारवायच्या, भांडी घासायची, वाकळा ओढ्यावर न्यायच्या, आणि पांढरी धुणी मोठ्या पातेल्यात सोडा घालून उकळायची. नऊ दिवस देवी घरात बसणार, तर घरात मळकं-उष्टं काही राहता कामा नये. त्या धुण्याच्या दिवशी मी जेवून उठतेय तोवर काकीनं हाक दिली, “अंजे, वाकळा घिऊन हो फुडं. ऊन हाय तवर वाळत्याल.” मी म्हटलं, प्लेट घालून जाते. “आल्याव घाल की! कुठं पळती ती?”

मी आले तेव्हा वाटी रिकामी होती. काकी पातेल्याजवळ बसली होती, हातात लाकडी दांडकं, तोंड वाफेनं लाल. तिनं शेजारच्या सुपाकडं बोट केलं. धोतरांच्या आणि टॉवेलांच्या पिळ्यांजवळ माझी प्लेट होती.

“बघ, कशी लख्ख झालीया,” ती कौतुकानं म्हणाली. “तासभर उकाळली. आता ऱ्हाऊ दे घरात, देवीचं काय म्हननं न्हाई.”

प्लेटीचा गुलाबी रंग उडून ती पांढुरकी पडली होती आणि एका बाजूनं उचलली होती. मी तोंडात घातली. ती टाळूला बसेना, डुगडुगायला लागली. दाबली तर एक कड हिरडीत रुतली आणि रक्त आलं. मी ती काढून अंगणात फेकली आणि एवढ्यांदा ओरडले की शेजारच्या हरणाबाई हात पुसत आल्या. मी काकीला नाही नाही ते बोलले. तिला कळेना तिनं काय केलं. चार महिने मी जे ठणकत सोसलं होतं ते तिनं धोतरांबरोबर उकळून काढलं होतं, आणि वर कौतुक! “आपलंच दात आन् आपलंच ओठ, सांगायचं कुनाला?” हरणाबाई म्हणाल्या. ती म्हण ऐकून तर माझ्या अंगाची आग झाली. मी काकीशी बोलणं टाकलं.

संध्याकाळी मी तात्यांना म्हटलं, मिरजेला न्या. ते म्हणाले, “आता घट बसनार. दसरा हू दे, बघू.” दसरा झाला की कारखाना चालू होणार, ऊसतोड येणार, मग तर माणूस हलायचं नाही, हे मलाही ठाऊक होतं आणि त्यांनाही. आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे नाही. “आन् झालंय तेवढं बास की,” ते पुढं म्हणाले. “सिनेमात जायचंय व्हय तुला?” अण्णांना पत्र टाकावं तर ते पोचून उत्तर यायला तीन आठवडे. माझ्या दातांना तीन आठवड्यांचा धीर नव्हता. दुसऱ्या माळेला सकाळी करंगळी घातली तर ती अर्ध्या नखाच्या पुढं गेली.

तिसऱ्या माळेला मी शाळेच्या पिशवीत ती वाकडी प्लेट घेतली आणि एकटीच निघाले. दारात काकी उभी होती. अनवाणी, कारण नवरात्रात ती पायात काही घालत नसे. आणि उपाशी, कारण नऊही दिवस ती धरायची.

“चल,” ती म्हणाली.

मी पिशवी खांद्याला अडकवून तिला वळसा घातला.

“रोज त्वांडात बोट घालून रडतीस. आंधळी हाय व्हय मी?”

तात्या आतनं आले. “घट सोडून कुठं निघालीस गं?”

“दिव्यात त्याल घालून आलीया. संपलं तर तुमी घाला. तुमाला बी हात हायती न्हवं?”

इतक्या वर्षांच्या संसारात काकी तात्यांना असं बोललेली मी पहिल्यांदा ऐकली. सांगलीपर्यंत आणि सांगलीहून मिरजेपर्यंत आम्ही शेजारी शेजारी बसलो. मी तरी बोलले नाही. माझा राग उतरला नव्हता, आणि तो मला उतरू द्यायचाही नव्हता.

डॉक्टरांनी प्लेट उजेडाकडं धरली आणि कपाळाला हात लावला. मग ते आमच्या मागं दाराकडं बघायला लागले. “बरोबर कोण आहे?”

“मी हाय की,” काकी म्हणाली.

“तसं नव्हे, घरातलं मोठं कोणी?”

“मी मोटीच हाय.”

“वडील आल्यावर बघू या,” डॉक्टर म्हणाले. “पुन्हा माप, पुन्हा प्लेट. तुम्हा लोकांना चांगली वस्तू सांभाळता येत नाही. कुठल्या अडाण्यानं उकळली ही?”

तीन दिवस मला हेच हवं होतं. कुणीतरी शिकलेल्या माणसानं काकीला अडाणी म्हणावं. आणि तो शब्द आला तेव्हा माझेच कान तापले.

“म्या उकाळली,” काकी म्हणाली. “अडानी म्याच. पर डाक्टर, एक सांगा. ह्येला ऊन पानी चालत न्हाई, ह्ये तुमी कुनाला सांगितलंसा?”

“मुलीच्या वडिलांना. स्पष्ट सांगितलं होतं.”

“त्यो हितनं हजार कोसांव बंदूक घिऊन हुबा हाय! ही वस्तू माझ्या मोरीत, ही पोर माझ्या चुलीपाशी, आन् सांगितलंसा कुनाला, तर फिरोजपूरच्या मानसाला! ही हितंच खुर्चीत व्हती न्हवं? हिला कान न्हाईत व्हय? चौदा वर्साची हाय. सातवीत पयला नंबर आल्ता. हिला सांगितलं असतं तर हिनं मला सांगितलं असतं, आन् म्या काय पोरीच्या वाईटावर हाय व्हय? आता म्हनतासा बाप आल्याव बघू. बाप यील फुडल्या उनाळ्यात. तवर दात थांबत्यात?”

बोलण्याच्या भरात तिच्या तोंडावरचा पदर सुटला होता. बाहेरच्या माणसापुढं ती कायम पदर तोंडाशी धरून बोलायची. मी ती रीत समजत होते. काकीचे पुढचे दोन दात नव्हते. उरलेले तंबाखूच्या मिश्रीनं काळे पडलेले, एक बोलताना हलत होता. मी तिच्या हाताखाली दहा वर्षं जेवले आणि हे मला त्या दिवशी दिसलं.

डॉक्टरांनाही दिसलं. त्यांचा आवाज उतरला. “बाई, तुमच्या हिरड्या फार...”

“माजं ऱ्हाऊ द्या. चाळीस वर्सांत माझ्या त्वांडाकडं कुनी बघिटलं न्हाई, आता बघून काय करतासा? हिचं बघा.” आणि ती भिंतीशी जमिनीवर मांडी घालून बसली. “माप घेतल्याबिगर मी उठत न्हाई.”

डॉक्टरांनी स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर बसले. “काय नाव तुझं?” चार महिन्यांनी त्यांनी मला नाव विचारलं! मी सवयीनं हात तोंडावर नेला. काकीनं खालूनच माझी बाही धरून तो खाली ओढला.

“अंजना,” मी म्हटलं.

“अंजना, नीट ऐक. गरम पाणी लागलं की ही वाकते. फक्त गार पाणी. रोज बोटानं नाही, मऊ ब्रशनं धुवायची. दुखलं तर काढून टाकायची नाही, मला येऊन सांगायचं. तू सांगायचं.” मी एकेक गोष्ट वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतली. काकी प्रत्येक वाक्यामागं पुटपुटत होती, “गार पानी. निस्तं गार.” परतताना एसटीत मी तिला शेंगदाण्याचा लाडू दिला, उपासाला चालणारा. एवढंच बोलणं झालं, पण झालं.

नवी प्लेट आठव्या माळेला मिळाली. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारं पुजतात. कोयता, कुऱ्हाड, विळा, पहार, सगळी धुवून पाटावर मांडतात. तात्या पूजेला बसले तर कोयत्याशेजारी माझी पितळी वाटी, गार पाण्यात प्लेट.

“उष्टी वस्तू पूजंत?” ते म्हणाले.

“आन् तुमचा कोयता सोवळ्यात ऊस तोडतो व्हय?” काकी म्हणाली. “ज्येच्यानं मानसाचं काम हुतं, त्ये हत्यार. वाहा फूल.” कुंकू तिनं लावू दिलं नाही. “पोरीच्या त्वांडात जातंय त्ये.” तात्यांनी झेंडूचं एक फूल वाटीजवळ ठेवलं.

दीड वर्षाची पावणेदोन वर्षं झाली, पण दात मागं गेले. अठ्ठ्याहत्तर साली अण्णा सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी मला गावभर तोंड दाखवत फिरवलं, “बघा, आमच्या मिलिटरी डॉक्टरचा सल्ला!” मला राग आला, पण तो मी हसत हसत, हात खाली ठेवून सांगितला. पुढं मी मास्तरीण झाले. पोरांपुढं तीस वर्षं बोलले.

काकीचे दात एकेक करून गेले. पन्नाशीतच ती भाकरी कालवणात भिजवून, कुस्करून खायची, आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर, भिंतीकडं तोंड करून. तात्यांचा मला राग आहे, अण्णांचा आहे, डॉक्टरांचाही आहे. पण त्या नवरात्रापासून पुढं दर महिन्याला काकीच माझ्याबरोबर मिरजेला आली. मी खुर्चीत, ती दाराबाहेरच्या बाकावर, पदर तोंडाशी. बाकापासून खुर्चीपर्यंत चार पावलं होती. मी उठल्यावर ती खुर्ची दर वेळी थोडा वेळ रिकामी असायची. “काकी, आता तू बस,” असं मी एकदाही म्हटलं नाही.