लाल पिसांची चटई

सकाळी माझी सून सेलेपा चटईच्या काठाला लाल पिसं लावत बसली होती. दोन वर्षं विणलेली, लुगड्याहून मऊ. राजधानीतली, आपियातली एक बाई ती विकत घेणार होती. त्या पैशात माझ्या लेकाचा, फिलेमोनीचा साखरेच्या आजारानं काळवंडलेला पाय मोठ्या इस्पितळात दाखवायचा, शुक्रवारच्या बोटीनं.

तेवढ्यात सोलोमोनाची गाडी आली. माझ्या बहिणीचा मुलगा, घराण्याचा प्रमुख, दोन दुकानांचा मालक. आदल्या दिवशी त्याचा बाप गेला होता.

“मावशी, डोळ्याला डोळा नाही. रीतीप्रमाणे माझ्या सासरचे मयताला शंभर चटया आणताहेत. आपल्या कमी पडल्या तर लोक म्हणतील, दुकानदारानं बाप स्वस्तात पुरला. बँकेचं कर्ज काढलं, तरी पुरेना. ही चटई दे.”

“तुझ्या भावाचा पाय चाललाय, मेल्या!”

“पाय पुढच्या आठवड्यात दाखवू. मीच नेईन, शब्द देतो. मयत थांबत नाही.”

त्याला काळजी नाकाची, आम्हाला पायाची. मी दार अडवून उभी राहिले. पण आतून फिलेमोनीच म्हणाला, “आई, देऊन टाक. नाहीतर उद्या आपल्या मयताला कोण येईल?”

सेलेपानं सुई पिसांत तशीच ठेवली आणि चटई गुंडाळली.

बापाच्या मयताला सोलोमोनानं चटई उंच धरून मिरवली. लोक वाहवा म्हणाले. पुढचा आठवडा आला, सोलोमोना आला नाही. पाय मांडीपर्यंत गेला, मग माझा लेक गेला.

आणि मयताला सोलोमोना आला! पांढरा सदरा, मागे चटई धरलेल्या दोन बाया. त्याच्या माणसानं ललकारी दिली, “सोलोमोनाच्या घरची भेट!”

सेलेपानं काठ चाचपला. पिसांत तिचीच सुई होती.

सगळे आमच्याकडे बघू लागले. रीतीनं आता चटईच्या बदल्यात आम्ही डुक्कर, डब्यातल्या मासळीची खोकी, पैशांचं पाकीट द्यायचं.

मी उठले. “चटई माझ्या सुनेची आहे, ती इथंच राहील. परतीचं काही नाही. चहा आहे, पिऊन जा.”

“मावशी, लोक काय म्हणतील?”

“समोर बसलेत की. विचार!”

निम्मे लोक चहा न पिताच उठले. माझ्या लेकाला आम्ही अंथरुणावरच्या चादरीत पुरलं.

माझ्या मयताला कुणी चटई आणू नका. आणायचीच असेल तर आज आणा. गावात अजून दोघांचे पाय काळे पडलेत.