मूळचे कुठले?

“टॅनर म्हणजे कातडी कमावणारा!” जॉन टॅनर मटणाचा रस्सा ओरपत म्हणाला. “आमच्या पूर्वजांच्या अंगाला असा वास यायचा, की लोकांनी त्यांना गावाबाहेर, नदीच्या खालच्या अंगाला बसवलं होतं.” आणि स्वतःच खो खो हसला.

हा टॅनर म्हणजे माझ्या नवऱ्याचा, यशपालचा, जर्मनीतल्या एश्बॉर्नच्या ऑफिसातला साहेब, इंग्लंडहून आलेला. त्याचं बोलणं यशपालनं आईंना मराठीत सांगितलं. आई म्हणजे माझ्या सासूबाई. औरंगाबादला सरकारी दवाखान्यात जन्मभर नर्स होत्या. त्यांचा वाढता हात थांबला.

नेमकं तेव्हाच खालच्या मजल्यावरच्या विभावरीताईंनी विचारलं, “सावरगावकर म्हणजे तुम्ही मूळचे कुठले हो, काकू?”

आला प्रश्न! आपल्या लोकांना जर्मनीत कढीपत्ता नाही मिळाला तरी चालेल, पण समोरच्याची जात कळल्याशिवाय घास उतरत नाही. आईंचं उत्तर ठरलेलं असे: “सावरगावचेच,” आणि लगेच पातेलं उचलून स्वयंपाकघरात. भीती एकच, खरं नाव कळलं की माणसं ताटावरून उठतील. यशपालनं लगबगीनं कोशिंबीर पुढे सरकवली.

पण आई चक्क खुर्ची ओढून बसल्या.

“मूळचे आम्ही हाडके. मेलेली ढोरं ओढायची, हाडं वेचायची, राहायचं गावाबाहेर. शाळेत पोरांना कुणी चिडवू नये म्हणून सासऱ्यांनी नाव बदललं.” मग टॅनरकडे बोट करून म्हणाल्या, “यशपाल, विचार बरं याला. याच्या आजोबानं का नाही बदललं?”

टॅनरनं खांदे उडवले. “वास गेला ना! मग नाव कशाला घालवायचं?”

आई अशा हसल्या, की डोळ्यांना पदर लावावा लागला. मलाही रडू आलं, खोटं कशाला बोलू! विभावरीताई ताटात बघत राहिल्या. उठून मात्र गेल्या नाहीत.

“हाद्के?” टॅनरनं म्हणून बघितलं.

“हाद्के काय मेल्या! हा-ड-के. म्हण!”

“हाडके!”

“आणखी मोठ्यानं!”

“हाडके!”

फुटबॉलच्या विश्वचषकाचा उन्हाळा होता. खाली अंगणात सगळी बिल्डिंग झेंडे लावून बसलेली. यशपाल सवयीनं खिडकी लावायला उठला.

“राहू दे रे उघडी,” आई म्हणाल्या.