भुरीची बाटली

मित्रांनो, मी दूध पाजायची बाटली आहे, आणि आता चांगलीच जुनी झाले आहे. तुमच्या घरी बाळांना असते तशी इवलीशी नव्हे हं! मी वासरांची बाटली. माझ्या तोंडाला लाल रबरी बोंड आहे आणि माझ्या पोटात वासराचं एका वेळचं दूध बरोबर मावतं. माझा जन्म कारखान्यात झाला. साच्यातून बाहेर पडले, गार झाले, खोक्यात गेले. तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं. प्लॅस्टिकच्या जिवाला काय वाटायचं?

मग मी आप्पांच्या गोठ्यात आले. आप्पा घरातले मोठे. त्यांचा मुलगा म्हणजे दादा, आणि मुलगी म्हणजे ताई. माझं सगळं ताईकडे. ती मला गरम पाण्याने धुवायची, ब्रश घालून आतून घासायची आणि खिळ्याला उलटी टांगायची. दादाने एकदा मला नुसतंच विसळून ठेवलं, तर त्याची अशी काही कानउघाडणी झाली की बिचारा दिवसभर माझ्याकडे बघेना. गुरांचे डॉक्टर एकदा मला उजेडात धरून म्हणाले होते, "बाटली असावी तर अशी!" ताईला कोण आनंद झाला. कितीतरी वासरं माझ्या जिवावर वाढली आणि मोठी होऊन मला ओळखेनाशी झाली. त्याचं मला वाईट वाटलं नाही.

मग भुरी नावाची कालवड झाली. तिची आई वितानाच गेली. भुरी इतकी अशक्त की तिला चोखताही येईना. ताई पेंढ्यात फतकल मारून बसायची, तिच्या तोंडात दुधाचं बोट घालायची आणि म्हणायची, "पी गं माझी राणी, एक घोट पी." बरेच दिवस ही मनधरणी चालली. एके सकाळी भुरीने माझं बोंड असं काही ओढलं की ताई मागेच पडली आणि पडल्या पडल्या हसत सुटली. "आप्पा, ही जगतेय!" ती ओरडली. त्या दिवसापासून भुरीचा जीव जपणं हेच ताईचं काम झालं.

आमच्या गोठ्यात एक पद्धत होती. वासराला पाजून झालं की त्याच्या पाठीवर निळ्या खडूने रेघ ओढायची आणि संध्याकाळी पुन्हा पाजायच्या आधी ती पुसायची. रेघ दिसली, तर पोट भरलेलं. रेघ नसली, तर पाजायचं राहिलेलं. घरात माणसं तीन आणि कामं ढीगभर. कोण कोणाला विचारत बसणार? रेघ बघायची आणि पुढचं काम धरायचं. इतकी वर्षं कधी चूक झाली नव्हती.

वर्षातून एक दिवस आमचं फाटक सगळ्यांसाठी उघडं असायचं. दूध पिशवीतून येत नाही, गायीपासून येतं, हे पोरांना दिसावं अशी आप्पांची हौस. त्या वर्षी आप्पांची बहीण शहरातून पहिल्यांदाच मदतीला आली. तिला सगळे आत्या म्हणत. आत्या हौशी आणि टापटिपीची. तिच्यापुढे झाडूचीही खैर नसायची.

त्या दिवशी ताईने भुरीला पहाटेच पाजलं, रेघ ओढली, मला धुऊन टांगलं आणि ती पाहुण्यांना दूध काढायचं यंत्र दाखवायला गेली. एवढ्यात आत्या गोठ्यात आली. "अगंबाई, हे काय पाठीवर? लोक फोटो काढणार आणि ही अशी माखलेली!" तिने ओलं फडकं घेऊन भुरीला नखशिखांत पुसून काढलं. खडूचा अर्थ तिला कोणी सांगितलाच नव्हता. घरच्यांना तो इतका ठाऊक की सांगायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

थोड्या वेळाने आप्पा पोरांचा घोळका घेऊन आले. भुरीची पाठ कोरी. "गडबडीत राहिलं वाटतं हिचं," असं म्हणत त्यांनी मला भरलं. पोरांनी पाळीपाळीने मला धरलं. "बघा कशी पितेय! भूक लागली होती तिला!" सगळे म्हणाले. आप्पांनी रेघ ओढली. ते गेले आणि आत्याचं फडकं पुन्हा फिरलं. दुपारी दादा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पाहुणे घेऊन आला. त्यानेही पाठ पाहिली, मला भरलं, पाजलं. टाळ्या वाजल्या. त्याने ओढलेली रेघही आत्याने पुसली. मी भरत होते, रिकामी होत होते. भुरी नको म्हणाली नाही. वासराला नको म्हणता येत नाही.

ऊन कलल्यावर ताई आली, तेव्हा भुरी पाय ताणून पडली होती. पोट टम्म फुगलेलं. ताईने हात लावला आणि तिचा चेहराच उतरला. ती धावत आप्पांकडे गेली. "आप्पा, फाटक बंद करा. डॉक्टरांना बोलवा. भुरीचं काही खरं नाही."

आप्पांनी बाहेरची रांग पाहिली. "लांबून आलीत गं ही माणसं. लहान पोरं आहेत. आता बभ्रा नको. एवढी रांग जाऊ दे, मग लगेच बोलावतो."

ताईने भुरीवर गोणपाट घातलं. पोरं विचारत, "हिला काय झालं?" ताई म्हणे, "झोपलीय." मग ती फाटकापाशी उभी राहिली आणि जाणाऱ्या प्रत्येकाला हसून म्हणत राहिली, "पुन्हा या हं." मी खिळ्यावरून ते हसू बघत होते. ते तोंडावर होतं, आत काही नव्हतं.

डॉक्टर आले तेव्हा उशीर झाला होता. त्यांनी पोटावर हात फिरवला, नळी घातली, मान हलवली. "किती वेळा पाजलंत हिला?"

"एकदाच," ताई म्हणाली.

"मी एकदाच पाजलं," आप्पा म्हणाले.

"मीपण एकदाच," दादा म्हणाला.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग भुरीच्या कोऱ्या पाठीकडे. आत्या चाचरत म्हणाली, "मी तर एकदाही नाही हो पाजलं. मी नुसती पुसत होते."

भुरी थोड्या वेळात गेली. ताई रडली नाही. तिने मला धुतलं, घासलं, टांगलं. आत्या तिच्या मागे मागे फिरत होती. "मला बोल गं. शिव्या दे. पण बोल."

"काय बोलू आत्या? मला काही वाटतच नाहीये."

ते खरं होतं. त्यानंतर वर्षभर ती कामं करत राहिली. जेवली, उठली, वासरं पाजली. आप्पा काही बोलायला जवळ यायचे आणि तसेच परत जायचे. ताई आणि मी, आम्हा दोघींमध्ये फारसा फरक उरला नव्हता.

पुन्हा तो दिवस आला. आप्पांनी विचारलं, "उघडायचं का?" ताई म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." फाटक उघडलं. दुपारी एक छोटी मुलगी माझ्याकडे बोट दाखवून हट्टाला पेटली. "मला पाजायचंय. मागच्या वर्षी मी पाजलं होतं. ती भुरी कुठेय?"

ताई तिच्यासमोर खाली बसली. काहीतरी गोड उत्तर द्यायला तिने तोंड उघडलं, आणि शब्दाऐवजी हुंदका आला. एक आला, मग दुसरा, मग काही धरबंदच राहिला नाही. भर पाहुण्यांत, पेंढ्यात बसून, ती ओक्साबोक्शी रडली.

आप्पांनी ते लांबून पाहिलं. ते सरळ फाटकाकडे गेले आणि रांगेला हात जोडून म्हणाले, "आज इथवरच. माझ्या मुलीला बरं नाही." मित्रांनो, कोणी चिडलं नाही. एक आजोबा म्हणाले, "अहो, तिच्याजवळ जा आधी, आमचं काय!" आणि सगळे मुकाट्याने परत फिरले.

मी वस्तू आहे, मला उपदेश शोभत नाही. तरी एक मागते. तुमच्या घरात कोणाचा जीव कासावीस झाला, तर दारातल्या माणसांना थांबा म्हणा. माणसं थांबतात हो. आप्पांना हे एक वर्ष आधी कळायला हवं होतं.